जोडीचे पाय

रबाळे एमआयडीसीत, रसायनांच्या दोन कंपन्यांच्या मधे
आमचा गाळा. भिंतींना गाद्या, जमिनीवर चौकोन:
फरशीचा, रेतीचा, लाकडाचा, सुक्या पानांचा.
पडद्यावर जे चालतात त्यांना पावलं मी देते.
हिरोचे बूट नऊ नंबरचे, माझा पाय पाच,
पुढे कापूस कोंबते आणि होते सहा फुटी.
मग तोच सीन पुन्हा, तिच्या सँडल घालून.
म्हणजे तो तिच्याकडे धावत येतो तेव्हा
मीच माझ्याकडे धावत आलेली असते,
मधे चहा पिऊन.

संवाद मला ऐकवत नाहीत. बरंच आहे.
बोलून काय, कोणीही प्रेम करील.

परवा दिग्दर्शक स्वतः आला. कोवळा पोरगा, दाढी राखलेला.
म्हणाला, मढवीताई, जोडी खरी वाटते ना?
म्हटलं, चेहरे तुम्ही बघा, मला पायांचं विचारा.
हा येतोय ना, हा तिच्याकडे येत नाहीये.
फरशीवर तुम्ही चिकटपट्टीची फुली मारलीय,
तिच्याकडे येतोय.
शेवटची तीन पावलं मोजून टाकतोय,
नवस फेडायला आलेल्यासारखी.
आणि हिची टाच बघा.
मिठीत आहे, पण टाच दाराकडे.
रेशनच्या रांगेत मागून चौथ्या बाईची असते तशी.
पोरगा हसला नाही. म्हणाला, तिथे व्हायोलिन टाकू.

टाका.

मिठीसाठी मी दोन सदरे एकमेकांवर घासते,
एक सुती, एक टेरिकॉट.
चुंबनाला माझंच मनगट.
सतरा वर्षांत किती लग्नं जमवली या मनगटाने,
त्यावर तव्याचा डाग आहे, तो कुठे ऐकू येतो.

पण त्याच सीनमधे, मागे, बसथांब्यावर
दोन माणसं होती. गर्दीसाठी आणलेली, रोजावर.
पन्नाशीचा एक, आणि ती.
फोकसमधेसुद्धा नाहीत.
बस येत नाही. तो पिशवी
या हातातून त्या हातात घेतो,
आणि मोकळा झालेला हात कुठेच नेत नाही,
नुसता तिच्या बाजूला राहू देतो.
ती बघत नाही.
अर्धं पाऊल सरकते.

त्यांना कोणी सांगितलं असेल असं?
कोणी नाही. कोणाचं लक्ष नव्हतं
म्हणूनच जमलं असेल. किंवा नवराबायको असतील,
किंवा त्याच दिवशी सकाळी सहाला
कंपनीच्या टेम्पोत ओळख झाली असेल, सांगता येत नाही.
मी सीन चारदा मागे घ्यायला लावला.
हरेश्वर काचेपलीकडून म्हणाला, यांचा आवाज यादीत नाही.
म्हटलं, माहितीय. तू चालू कर.
साधी चप्पल घातली, रेतीवर एकच अर्धं पाऊल.
कापडी पिशवीत चार कांदे टाकले,
वजन हात बदलतं ते ऐकू यावं म्हणून.

ते व्हायोलिनखाली गेलं. जाणारच होतं.

रात्री दीडला गेटबाहेर आले.
हवेत तो आमचा नेहमीचा, उतरलेल्या केळ्यांसारखा वास.
पद्माकर स्कूटर बंद करून उभा, जांभया देत.
मी दिसले तसं त्याने मागचं फूटरेस्ट
पायानेच खाली पाडलं. खट्.
बोलला काय, तर, डब्यात भाजी उरलीय का?
सीट पुसली नव्हती, कंपनीची पांढरी भुकटी तशीच.
दहापैकी सहा.

घणसोलीपर्यंत तो गप्प, मी गप्प.
तो खट् मी मागे एकदा रेकॉर्ड केला होता,
स्कूटर गाळ्यात आणून, त्याला न सांगता.
एका खुनाच्या पिक्चरला वापरला,
रात्री कोणीतरी बाहेरून कडी लावतं तिथे.
फार खरा वाटतो, म्हणाले सगळे.